बालाजीचं डोकं आणि माझं माक्याचं तेल

माझ्या डोक्यावर भरपूर केस आहेत. सत्तरी ओलांडली तरी कंगवा अडकतो. केजच्या बाजारात आमचं अत्ताराचं दुकान आहे. जडीबुटी, काढ्याचं सामान, शिकेकाई, ऊद, अत्तर आणि केसांचं तेल असा सगळा माल. तेलाचं गिऱ्हाईक आधी बाटलीकडं बघतं, मग माझ्या डोक्याकडं बघतं आणि मग खिशात हात घालतं. "चाचा, तुमी हेच तेल लावता का?" असं विचारलं की मी म्हणतो, "आमच्या घरचंच हाय." हे खरं आहे. ते आमच्या घरचंच आहे आणि मी ते लावत नाही. त्याच्या वासानं माझं डोकं उठतं. माझ्या अब्बांचे केस असेच दाट होते, आजोबांचे त्याहून दाट, आणि त्या दोघांनी जन्मात विहिरीच्या पाण्याखेरीज डोक्याला काही लावलं नव्हतं.

तेल करते माझी बायको, जुबेदा. तिचे केस पातळ आहेत, म्हणून ती मागच्या खोलीत पडद्याआड आणि मी पुढं गल्ल्यावर, अशी धंद्याची मांडणी लग्नापासून ठरलेली आहे. आता दुकान आमचा मुलगा बघतो. मला तो अजून पुढं खुर्चीवर बसवतो, आणि मला वाटतं तेही केसांमुळंच.

दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून ज्या निवृत्त मास्तरांनी माझा पिच्छा पुरवला, ते आमचं जुनं गिऱ्हाईक. वर्षानुवर्षं न चुकता तेल नेतात. त्यांना केस आलेसुद्धा, पण कानातून. "चाचा, तेल वर लावतो आन् उगवतं बाजूला, हे कावून?" असं ते विचारतात. मी त्यांना म्हणालो, डोकं उतरतं आहे ना, वरचं पाणी बाजूलाच जाणार. तेव्हापासून ते मला लेखक समजतात.

बाहेरच्या माणसासाठी धंदा थोडा सांगतो. माका ही ओलीच्या जागी उगवणारी पांढऱ्या फुलाची बारीक वनस्पती. आमच्या भागात ओलच कमी, तरी पावसाळ्यानंतर ओढ्याकाठी, विहिरीच्या थारोळ्यापाशी सापडते. ती ठेचून रस काढायचा, तिळाच्या तेलात घालून मंद आचेवर कढवायचा. सोबत आवळा, जास्वंदीची फुलं, मेथ्या, वडाच्या पारंबीची कोवळी टोकं. रसातलं सगळं पाणी आटलं पाहिजे, नाहीतर तेलाला वास धरतो. ते बघायला कापसाची वात तेलात भिजवून पेटवायची. तडतडली तर अजून पाणी आहे, मुकाट जळली तर झालं. हल्ली पोरं येऊन "काका, रोजमेरी हाय का?" असं विचारतात. फोनवर बघून कुणी कांद्याचा रस लावतं आणि आठ दिवस घरच्यांना भाजीचा वास येत राहतो.

आणि हे सगळं लावून काय होतं? बाळंतपणानंतर, टायफॉईडनंतर केस गळतात, ते बहुतेक वेळा काही महिन्यांनी आपोआप येतात. त्या काळात आमची बाटली घरात असते, म्हणून नाव आमचं होतं. चाई पडली, म्हणजे डोक्यात रुपयाएवढी गुळगुळीत जागा झाली, तर तीही पुष्कळदा आपली आपणच भरते. नाव पुन्हा आमचं. पण ज्याच्या बापाचं, चुलत्याचं टक्कल आहे आणि ज्याचं कपाळ मागं सरकत चाललंय, त्याला आमच्या तेलानं एकच फायदा होतो. चमक येते.

बालाजी या तिसऱ्या जातीचा.

त्याचं गाव युसूफ वडगावच्या पलीकडं. नाव लिहीत नाही, कारण त्याचे मामा अजून हिंडतेफिरते आहेत. बालाजी तिशी ओलांडलेला, पाच एकर बागायत, स्वतःचा ट्रॅक्टर, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. पण आजकाल शेती करणाऱ्या पोराला पोरगी द्यायला कुणी तयार नाही, आणि त्यात डोकं उघडं. देवाला केस वाहायला लोक तिरुपतीला जातात. याचं नावच बालाजी, म्हणून देवानं घरी येऊन नेले असावेत. पाहुणे यायचे, पोहे खायचे, डोक्याकडं बघायचे आणि "कळवतो" म्हणून जायचे.

बाप लवकर गेलेला, त्यामुळं घरात शब्द मामांचा. एका उन्हाळ्यात मामा त्याला घेऊन दुकानात आले. बालाजीच्या डोक्यावर टोपी होती, पुढं लांब चोच असलेली, क्रिकेटवाली.

"चाचा, लगीन जमलंय," मामा म्हणाले. "आष्टीकडची पोरगी हाय, अश्विनी. शिवणक्लास चालवती. पुढच्या महिन्यात तारीख हाय. तवर केस आले पाहिजेत."

"टोपी काढ," मी बालाजीला म्हणालो.

त्यानं आधी रस्त्याकडं बघितलं, मग काढली. मी कपाळापासून मागच्या भोवऱ्यापर्यंत बोट फिरवलं. काही लागलं नाही. कानाच्या वर दोन्ही बाजूंना तेवढी झालर होती.

"मामा, हितं काही येत नसतंय."

"पोरीकडच्यांना माहीत न्हाई."

"म्हणजे? त्यांनी बघितलं न्हाई का पोराला?"

"बघितलं की. टोपी होती. उन्हाचा त्रास हाय म्हणून सांगितलं."

"घरात?"

"पत्रा लई तापतो त्यांचा," मामा म्हणाले. या माणसाला लाज कमी होती, पण उत्तर कधी कमी पडत नसे.

बालाजी टोपी परत घालत होता. एवढंच म्हणाला, "मामा, सांगून टाकू का त्यांना?"

"गप बे. सांगून टाकू म्हणे. जलमभर ट्रॅक्टरसंग संसार करायचाय का?"

मी स्पष्ट सांगितलं की गॅरंटी देणार नाही. मामांनी तरी तेलाची बाटली घेतली आणि जाताना माझ्या केसांकडं बघून म्हणाले, "तुमचे कसे हायत मग? आमच्यासाठीच येत न्हाईत व्हय?"

पंधरवड्यानं मामा एकटेच आले. बिब्बे पाहिजेत म्हणाले. बिब्बा म्हणजे काळं, टणक फळ. आत डांबरासारखं तेल असतं. धोबी पूर्वी त्यानंच कपड्यावर खूण करायचे, कारण तो डाग मरेपर्यंत जात नाही. टाचेच्या भेगांना जुनी माणसं जपून लावतात. पण अंगावर उतला तर कातडी भाजल्यासारखी सुजते, फोड येतात, डोळे मिटतात.

"कशाला पाहिजे?" मी विचारलं.

"पायाला भेगा पडल्यात."

"दाखवा पाय."

मामांनी पाय दाखवला नाही. म्हणाले, फोनवर एका महाराजांनी दाखवलंय, टकलावर बिब्बा चोळला की आतली मुळं जागी होतात. पडद्यामागून जुबेदा ओरडली, "मुळं न्हाई, पोराला जाळचाल! देऊ नको, जी!" मी दिले नाहीत. मामा म्हणाले की बिब्बे विकणारे बाजारात काय तुम्हीच एकटे आहात का. ते मात्र खरं होतं.

दोन दिवसांनी दुकानासमोर जीप थांबली. मागच्या सीटवरून दोघांनी धरून बालाजीला उतरवलं. मी त्याला ओळखलंच नाही. डोकं कलिंगडाएवढं झालेलं, कपाळ सुजून भुवयांवर आलेलं, डोळ्यांच्या जागी दोन चिरा. टाळूवर काळे ओघळ आणि पाण्यानं भरलेले फोड. मागून मामा.

"बघा रे, बघा!" मामा रस्त्याकडं तोंड करून ओरडू लागले. "ह्या अत्ताराच्या तेलानं पोराचं काय झालं बघा!"

बाजाराचा दिवस होता. चहावाला किटली घेऊनच आला. भाजीवाल्या बाया आल्या. कुणीतरी फोन काढून शूटिंग सुरू केलं. एक जण म्हणाला, "दुकान बंद करा ह्याचं." तोंडं ओळखीची होती, पण एवढी ओळखीची तोंडं एकदम माझ्याकडं तशी बघताहेत असं पूर्वी कधी झालं नव्हतं. तीन पिढ्यांचं दुकान. माल खराब निघाला अशी हूल एकदा उठली की मग डोक्यावरचे कितीही केस दाखवा, गिऱ्हाईक फिरकत नाही.

तेवढ्यात पडदा सरकला आणि जुबेदा बाहेर आली. गिऱ्हाइकांसमोर ती येत नसे, म्हणून लोक आपोआप गप्प झाले. ती बालाजीजवळ गेली, त्याच्या डोक्याचा वास घेतला आणि मामांकडं वळली.

"मामा, हात दाखवा."

"माझा हात कावून?"

"दाखवा की. बघू द्या."

मामांनी हात मागं नेले. भाजीवाल्या एका बाईनं सरळ त्यांचं मनगट धरून पुढं ओढलं. उजव्या हाताची सगळी बोटं काळी, आणि अंगठ्याला टपोरा फोड.

"बिब्बा," ती भाजीवाली म्हणाली. "अरं, बिब्बा चोळलाय ह्यानं लेकराला! तरीच म्हणलं." मग तिनं मामांना ज्या शिव्या घातल्या त्या दिवाळी अंकात बसत नाहीत. शूटिंग करणाऱ्यानं फोन माझ्यावरून मामांवर फिरवला.

गर्दी हसायला लागली. मला मात्र हसू येईना, कारण बालाजीला श्वास घेताना त्रास होतोय असं वाटत होतं. त्याच जीपमधून आम्ही त्याला सरकारी दवाखान्यात नेलं. जुबेदानं बिब्ब्यावर उतारा म्हणून घाईत खोबरं वाटून सोबत घेतलं होतं. डॉक्टरीणबाईंनी ते बाजूला ठेवायला सांगितलं आणि आधी इंजेक्शन दिलं. त्या म्हणाल्या, वेळेवर आणलंत. जखमा साफ करायच्या म्हणून कानावरची झालरही काढावी लागली. बालाजी दोन रात्री तिथं होता. त्याची आई पायथ्याशी बसून पदरानं वारा घालत होती आणि भावाशी एक शब्द बोलत नव्हती.

दवाखान्यातून सुटल्यावर तो एकटाच दुकानात आला, डोक्याला मऊ पंचा गुंडाळून. माझ्यासमोर स्टुलावर बसला.

"चाचा, मामा लातूरहून विग आणायलाय."

"मग?"

"झोपताना काढावा लागतो म्हणं." तो थांबला. "मी तिला काय सांगू? उन्हाचा त्रास संपला म्हणून?"

"फोन हाय का तिचा?"

"हाय. मामा म्हणला, लग्नाआधी बोलायचं न्हाई, तू भोळा हायस, बोलून बसशील."

"मग बोलून बस की."

त्यानं तिथंच व्हिडिओ कॉल लावला. मी उठून बाहेर जायला लागलो तर त्यानं माझा सदरा धरून ठेवला. पलीकडं एक मुलगी दिसली, गळ्यात मापाची टेप, मागं शिवणयंत्रांचा खडखड आवाज.

"मी बालाजी बोलतोय."

"दिसायलाय की. डोक्याला काय झालं?"

त्यानं पंचा काढला. सूज उतरली होती, पण कातडी काळीलाल होती आणि खपल्या धरलेल्या. पलीकडं शिवणयंत्रंसुद्धा थांबली, बहुतेक क्लासच्या पोरी मागं येऊन उभ्या राहिल्या असाव्यात.

"मला केस न्हाईत," बालाजी म्हणाला. "आधी बी नव्हते. पुढं बी येणार न्हाईत, चाचांनी सांगितलंय. आणावं म्हणून बिब्बा लावला, तर हे असं झालं."

तिनं फोन जवळ घेऊन नीट बघितलं. मग म्हणाली, "दुखतंय का?"

"आता कमी हाय."

"टोपीचं मला त्याच दिवशी कळालतं. पत्र्याच्या घरात पंख्याखाली बसून कुणाला ऊन लागतंय?" तिचा आवाज चढला. "केसांचं सोडा. तुमी तिथं बसून खोटं बोललात."

"मामा बोलला."

"तुमी ऐकत बसला होतात की."

बालाजीनं पुन्हा माझा सदरा धरला.

"माझ्या बाबांना तुमी स्वतः येऊन सांगा," ती म्हणाली. "ते मोडा म्हणले तर मोडलं. मी मधी पडणार न्हाई." आणि फोन बंद झाला.

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीनं आष्टीला गेलो. मला त्यानं साक्षीदार म्हणून नेलं, पण ही चूक होती हे दारात पाऊल टाकताच कळलं. अश्विनीचे वडील बाजेवर बसले होते. त्यांनी आधी बालाजीचं उघडं डोकं बघितलं, मग माझे केस बघितले, मग पुन्हा त्याचं डोकं.

"हे कोण?" त्यांनी विचारलं.

"केसाच्या तेलाचे चाचा," बालाजी म्हणाला.

"मग ह्यांनी सगळं स्वतःच लावलं का?"

आत कुणीतरी फिसकन हसलं. वडील हसले नाहीत. बालाजीनं फोनवर सांगितलं तेच पुन्हा सांगितलं. या वेळी मामांचं नाव घेतलं नाही. म्हणाला, "मी टोपी घालून बसलतो. चूक माझी हाय."

"केस जाऊ द्या हो," वडील म्हणाले. "माझं म्हणणं दुसरंच हाय. एवढं झाकलं, तर आजून काय काय झाकलंय? जमीन हाय का? ट्रॅक्टर तुमचाच का भाड्याचा?"

"येऊन बघा," बालाजी म्हणाला.

आणि ते खरंच आले. न कळवता, सकाळीच. त्या घरात जे जे झाकलेलं होतं ते ते त्यांनी उघडून बघितलं. कणगीचं झाकण, ट्रॅक्टरवरची ताडपत्री, रांजण, कपाट. विहिरीवर पत्रा होता तोही सरकवायला लावला आणि दोर सोडून पाणी किती ते बघितलं. शेजाऱ्यांना विचारलं, पोरगा पितो का. शेजारी म्हणाला, "पाणीसुद्धा विचारून पितो." शेवटी बालाजीच्या आईनं स्वतःची पेटी आणून पुढं ठेवली आणि म्हणाली, "ही राहिलीय, ही बी बघा." तेव्हा मात्र ते वरमले. पेटी उघडली नाही. चहा मागितला. आमच्या भागात लग्न मोडायला आलेला माणूस चहा मागत नाही.

अश्विनीनं मात्र आपली एक अट घातली. लग्नात फेटा बांधायचा नाही, टोपी नाही, काही नाही. तिचं म्हणणं असं की लोकांनी काय हसायचं ते मांडवातच एकदा हसून घ्यावं, नंतर घरी येऊन कुजबुजत बसू नये. मामा म्हणाले, बिनफेट्याचा नवरदेव आमच्या सात पिढ्यांत झाला नाही. बालाजी म्हणाला, "मग आठवी पिढी माझी." ते वाक्य त्यानं माझ्यासमोर म्हटलं, आणि म्हणून झाल्यावर स्वतःच घाबरून माझ्याकडं बघितलं.

लग्नाला मी आणि जुबेदा गेलो. घोड्यावरून नवरदेव आला तेव्हा मांडवातली पोरं आधी गप्प झाली आणि मग खो खो हसली. बँडवाला वाजवायचं विसरला. बालाजीनं त्यांच्याकडं बघून हात जोडले, त्यामुळं हसणं अर्ध्यात थांबलं. मी जुबेदाला म्हणालो, आता खरी पंचाईत मुंडावळ्यांची. गुळगुळीत डोक्यावर त्या ठरतात कशा? मंगलाष्टकं चालू असताना कपाळावरून घसरून नाकावर येणार. भटजीही त्याच काळजीत दिसत होते.

मुंडावळ्या हलल्या नाहीत. अंतरपाट धरला, अक्षता पडल्या, बालाजीनं मान खाली घातली, वर केली, मुंडावळ्या जागच्या जागी. जुबेदानं जवळ जाऊन नीट बघितलं आणि परत येऊन माझ्या कानात सांगितलं. अश्विनीनं त्यांना मागून इलॅस्टिक शिवून आणलं होतं. मोत्यांच्या रंगाचं, बारीक, ओळखू न येणारं. माप कुठून घेतलं, तर व्हिडिओ कॉलवरून, अंदाजानं.

जेवणावळीत एक गृहस्थ माझ्या शेजारी येऊन बसले. स्वतःही टकले. हळूच म्हणाले, "चाचा, नवरदेवाच्या डोक्याला काय चमक हाय हो! तेल कोणतं?" मी पत्ता सांगितला.

अलीकडची गोष्ट. अश्विनी बाळाला कडेवर घेऊन दुकानात आली. बाळाला जावळ भरपूर होतं, पण त्याबद्दल इतक्यात कुणी काही बोलू नये. तिचे स्वतःचे केस मात्र गळत होते. कंगव्यातून मूठभर निघतात म्हणाली. तेल पाहिजे.

आता पोटापाण्याचा धंदा असला तरी ओळखीच्या पोरीला काय फसवायचं? मी म्हणालो, "बाळंतपणानंतर सगळ्या बायांचं असं होतं, बेटी. काही महिन्यांत आपोआप येतेत. जास्तच वाटलं तर डॉक्टरीणबाईंना दाखव. तेलाची गरज न्हाई."

"मला ठाऊक हाय," ती म्हणाली. "डॉक्टरांनी बी हेच सांगितलं."

"मग कावून न्हेतीस?"

तिनं बाळाला या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतलं.

"शेतातून आले की हे मागं बसून माझ्या डोक्याला तेल लावतेत. स्वतःहून. तेल न्हेलं न्हाई तर काय निमित्तानं बसतील?"

मी छोट्या बाटलीकडं हात नेला होता.

"मोठी दे, जी," पडद्यामागून जुबेदा म्हणाली.

मी मोठी दिली.